‘कृपया डीएम करा’

मंगळवारी सकाळी १० वाजून ६ मिनिटांनी मी एका कंपनीच्या खात्याला उद्देशून चार ओळी लिहिल्या. घरातलं वॉशिंग मशीन बंद पडून बारा दिवस झाले होते. वॉरंटी शिल्लक होती. ‘आज माणूस येईल’ म्हणून तीन वेळा घरातल्या कुणी ना कुणी रजा टाकली, तिन्ही वेळा माणूस आला नाही, आणि तिसऱ्या खेपेला संध्याकाळी मेसेज आला की आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.

१० वाजून १० मिनिटांनी कंपनीचं उत्तर हजर. झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, कृपया डीएम करा. खरं सांगते, मला बरं वाटलं. बारा दिवसांत पहिल्यांदा कुणी तरी ओ दिली होती.

मग सुरू झालं. मोबाइल नंबर द्या. दिला. बिलाचा फोटो पाठवा. पाठवला. दुपारी दुसऱ्याच नावाचं कुणी तरी आलं आणि त्याने पुन्हा मोबाइल नंबर मागितला. बुधवारी तिसरं नाव. शुक्रवारपर्यंत तोच दहा आकडी नंबर मी पाच जणांना लिहून दिला आणि पाचही जण दिलगीर होते. शनिवारी मी नाक्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने मशीन आडवं केलं, खालचं झाकण काढलं, ड्रेन पंपात बोट घातलं आणि शर्टाचं एक पांढरं बटण काढून माझ्या तळहातावर ठेवलं. वीस मिनिटांत काम झालं.

मशीन बिघडलं म्हणून मला राग नाही, यंत्रं बिघडतातच. राग आहे तो त्या चार मिनिटांचा.

त्या चार मिनिटांमागे काय असतं ते मला भाचीने सांगितलं. ती अंधेरीला एका डिजिटल एजन्सीत दोन वर्षं होती. एका पाळीत चार कंपन्यांची खाती सांभाळायची. तक्रार आली की पडद्यावर घड्याळ सुरू होतं. पहिलं उत्तर गेलं की घड्याळ थांबतं आणि चौकट हिरवी होते. क्लायंटला महिन्याच्या अहवालात सगळ्यात वर जो आकडा जातो तो हाच, पहिलं उत्तर सरासरी किती मिनिटांत गेलं. त्या उत्तराने कुणाचं काय भलं झालं, याचा रकानाच नाही. ‘मावशी, त्यांच्या हिशेबात तुझी तक्रार दहा-दहालाच संपली,’ ती म्हणाली.

तिच्याकडे एक एक्सेल फाइल असायची. तीत खेद व्यक्त करणारी चाळीसेक वाक्यं. लागोपाठच्या दोन उत्तरांत एकच वाक्य दिसू नये एवढीच काळजी घ्यायची. समोरचा कितीही चिडलेला असो, फाइलबाहेरचा शब्द लिहायचा तर वरून मंजुरी हवी. आणि एवढ्या सगळ्या सरंजामात एकाही सर्व्हिस सेंटरचा फोन नंबर तिला दिलेला नव्हता. दिवसभराच्या तक्रारींची यादी संध्याकाळी कंपनीच्या मार्केटिंग विभागाला मेल व्हायची. मार्केटिंगने ती सर्व्हिस विभागाकडे द्यायची. तिथे ती कुणी उघडायचं का, हे तिला दोन वर्षांत कधी कळलं नाही. लोक तिला आईबहिणीवरून शिव्या घालायचे आणि ती ‘आपल्या प्रतिक्रियेबद्दल धन्यवाद’ लिहायची. तेव्हा तिचं वय तेवीस होतं. दुसऱ्याच्या चुकीचे शिव्याशाप झेलायला तेवीस वर्षांची पोर बसवायची आणि चूक सुधारायची ताकद मात्र तिच्या हाती द्यायची नाही, याला संस्था ‘कम्युनिकेशन स्ट्रॅटेजी’ म्हणतात. मी याला निगरगट्टपणा म्हणते.

आणखी एक गोष्ट ती सांगून गेली. तक्रारी पडद्यावर येतात त्या लिहिणाऱ्याच्या फॉलोअरच्या संख्येसकट. पन्नास हजारवाला लाल रंगात, वरच्या रांगेत. त्याला फोन जातो, त्याच्या घरी माणूस जातो, नवं मशीनही जातं. दोनशे फॉलोअरवाल्या निवृत्त शिक्षकाला चाळीस वाक्यांपैकी एक वाक्य जातं. दोघांनी पैसे सारखेच मोजलेले असतात.

आता डीएमचं. थेट मेसेज मागण्याला एक रास्त कारण आहे, हे मान्य करते. खाते क्रमांक, पत्ता, आजाराची माहिती चारचौघांत मागणं चूकच. पण खासगी माहिती खासगीत घ्यावी आणि निकाल मात्र जिथे तक्रार झाली तिथेच, चारचौघांत सांगावा. बोंब चव्हाट्यावर आणि उत्तर बंद खोलीत, यातून फायदा एकाचाच होतो. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं की कंपनीने चार मिनिटांत उत्तर दिलं. पुढचे चार दिवस कुणाला दिसत नाहीत.

आणि ही डीएमची सवय लावून संस्थांनी चोरांसाठी दार सताड उघडं ठेवलंय. मीरा रोडच्या एका महिलेने रेल्वे तिकिटाची चौकशी करताना ट्विटरवर तिकीट आणि मोबाइल नंबर टाकला. थोड्याच वेळात ‘मदतीचा’ फोन आला, एक लिंक आली, आणि खात्यातून साठ हजारांहून जास्त रक्कम गेली. ही टोळकी दिवसभर हेच करतात. बँकेच्या, विमान कंपनीच्या, गॅस एजन्सीच्या नावाखाली कोण वैतागलंय ते शोधायचं आणि खऱ्या खात्यासारखंच नाव, तेच बोधचिन्ह लावून ‘कृपया डीएम करा’ म्हणायचं. माणूस फसतो, कारण खरी संस्थाही अगदी हेच वाक्य लिहिते. खऱ्याचं आणि खोट्याचं पहिलं वाक्य एकच असेल तर दोष फसलेल्याच्या माथी मारू नका.

हे काम नीट होऊच शकत नाही असं कुणी म्हणू नये. आपल्याकडेच ते झालंय. नोव्हेंबर २०१५ मधली गोष्ट. शेगावजवळ गाडीत एका महिलेशी सहप्रवासी गैरवर्तन करत होता. तिने घाबरून रेल्वेमंत्र्यांना उद्देशून गाडी क्रमांकासह ट्वीट केलं. गाडी भुसावळला पोचली तेव्हा रेल्वे सुरक्षा दलाचे जवान डब्यापाशी हजर होते. शेगाव ते भुसावळ, गाडीच्या प्रवासाइतकाच काय तो वेळ. तेव्हा रेल्वेमंत्री होते सुरेश प्रभू, नोव्हेंबर २०१४ ते सप्टेंबर २०१७. त्या काळात तान्ह्या बाळाला दूध, आजारी म्हाताऱ्याला डॉक्टर, अशी कामं ट्विटरवरून झाली आणि वर्तमानपत्रांनी ती पहिल्या पानावर छापली. बातम्यांत कौतुक झालं ते मंत्र्याच्या मोबाइलचं. खरं काम झालं ते पाठीमागच्या जोडणीने. रेल्वेने झोनच्या महाव्यवस्थापकांना आणि विभागांच्या व्यवस्थापकांना ट्विटरवर आणलं. मंत्रालयात बसलेला माणूस गाडी क्रमांक वाचायचा, ती गाडी आत्ता कुठल्या विभागात आहे ते बघायचा आणि निरोप त्या विभागाच्या कंट्रोलला द्यायचा. कंट्रोल म्हणजे चोवीस तास जागी असलेली खोली. तिथून स्टेशनला, स्टेशनवरून डब्याला. ट्वीट फक्त पहिला निरोप होता, त्यापुढची सगळी यंत्रणा रेल्वेकडे आधीपासूनच होती. तिला एक नवा कान फुटला. पुढे ‘रेल मदद’ आलं, निरनिराळे हेल्पलाइन नंबर जाऊन २०२१ पासून एकच १३९ उरला. ही मला खरी स्ट्रॅटेजी वाटते.

परराष्ट्र खात्यात सुषमा स्वराज यांनी २०१४ ते २०१९ या काळात हेच केलं. आखातात पासपोर्ट हिसकावून घेतलेला कामगार असो की परदेशी विमानतळावर अडकलेलं कुटुंब, त्या संबंधित दूतावासाला सगळ्यांसमोर काम सांगायच्या आणि दूतावासाला उत्तरही सगळ्यांसमोर द्यावं लागायचं. डिसेंबर २०१६ मध्ये खात्याने त्यासाठी ‘ट्विटर सेवा’ ही स्वतंत्र व्यवस्था सुरू केली. एकाने त्यांना बिघडलेल्या फ्रिजची तक्रार लिहिली, तेव्हा त्यांनी फ्रिजच्या बाबतीत मी मदत करू शकत नाही, अडचणीत सापडलेल्या माणसांच्या कामात गुंतले आहे, असं सरळ कळवलं. ते उत्तर मला फार आवडतं. ‘हे माझं काम नाही’ असं स्पष्ट सांगणं हीसुद्धा सेवाच आहे. चार दिवस डीएममध्ये झुलवत ठेवण्यापेक्षा कितीतरी सभ्य.

मुंबई पोलीस डिसेंबर २०१५ मध्ये ट्विटरवर आले आणि त्यांच्या शब्दखेळांची चर्चा देशभर झाली. हेल्मेट, ओटीपी, दारू पिऊन गाडी चालवणं, कुठलाही विषय असो, सिनेमातला एखादा संवाद फिरवून सांगायचा. ते त्यांना शोभतं, कारण खात्यावर कुणी पत्ता देऊन मदत मागितली तर पुढे पोलीस ठाणं आहे, गस्तीची गाडी आहे. बाकीच्यांनी उचलले ते फक्त विनोद. आज कुठल्याही बँकेचं, पालिकेचं, वीज कंपनीचं खातं उघडा. क्रिकेटचा सामना असला की मीम, सण असला की शुभेच्छा, मराठी भाषा दिन असला की सुंदर अक्षरात एक कविता. आणि त्या कवितेखाली कुणी तरी लिहिलेलं असतं, आमच्या गल्लीत नऊ दिवस पाणी नाही. दहाव्या दिवशी तिथे दुसरं मीम येतं. पाण्यासाठी तळमळणाऱ्याला मीम दाखवणं हा त्याचा अपमान आहे, आणि तो करायचे पैसे त्याच्याच करातून गेलेले असतात.

परदेशातली दोन उदाहरणं सांगते, कारण ती एकाच वर्षाची, एका महिन्याच्या अंतराची आहेत. मार्च २०१० मध्ये ग्रीनपीसने नेस्लेवर एक छोटी फिल्म काढली. कारकून किटकॅट फोडतो आणि ते ओरांगउटानचं बोट निघतं. पाम तेलासाठी इंडोनेशियाची जंगलं तुटतात, असा आरोप. नेस्लेने कॉपीराइटचं कारण देऊन ती फिल्म यूट्यूबवरून काढायला लावली. साहजिकच ती शंभर ठिकाणी पसरली. लोक कंपनीच्या फेसबुक पानावर बोधचिन्हाची मोडतोड करून निषेध करू लागले, तर पान सांभाळणाऱ्याने दटावलं की असं चिन्ह लावाल तर तुमचं लिखाण काढून टाकू. शाळामास्तरासारखी उत्तरं दिली गेली आणि आग भडकली. ती विझली कशाने? मे महिन्यात कंपनीने जंगलतोडीशी संबंधित पुरवठादार वगळण्याचं धोरण जाहीर केलं आणि त्यासाठी बाहेरची संस्था सोबत घेतली. खरेदी बदलली, तेव्हा कुठे फेसबुकवर बोलायला काही तरी हाती आलं.

एप्रिल २०१० मध्ये आइसलंडचा ज्वालामुखी फुटला, राखेने युरोपचं आकाश बंद झालं आणि लाखो प्रवासी ठिकठिकाणी अडकले. डच विमान कंपनी केएलएमच्या फोन लाइन तुंबल्या. कंपनीने निरनिराळ्या विभागांतली माणसं फेसबुक-ट्विटरवर उत्तरं द्यायला बसवली. बुकिंग बदलू शकणारी माणसं. त्या आठवड्यानंतर केएलएमने ते काम कायमचं केलं, आणि पुढे आपल्या ट्विटर पानाच्या माथ्यावर चक्क लिहून ठेवलं, की आत्ता उत्तराला इतकी मिनिटं लागतील. दर पाच मिनिटांनी तो आकडा बदलायचा. सलूनमध्ये गेल्यावर ‘पुढे तीन गिऱ्हाइकं आहेत’ असं सांगतात ना, तसं. माणूस वाट बघायला तयार असतो. किती वेळ ते सांगा, एवढंच त्याचं म्हणणं असतं.

त्याच नेस्लेच्या मॅगीचं प्रकरण तर आपल्या घरातलं. ५ जून २०१५ ला एफएसएसएआयने मॅगी बाजारातून परत घ्यायला सांगितलं, ते शिशाच्या प्रमाणावरून. आया घाबरल्या होत्या. गेल्या महिन्यात पोराने चार पाकिटं खाल्लीत, त्याचं काय, एवढा साधा प्रश्न होता. सुरुवातीच्या दिवसांत कंपनीच्या खात्यावरून येणारी उत्तरं साच्यातली होती. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, कंपनीची बाजू ऐकून घेतली नव्हती म्हणून. पुन्हा चाचण्या झाल्या, त्यांत मॅगी उत्तीर्ण झाली आणि नोव्हेंबरात ती दुकानात परतली. तोवर तीस हजार टनांहून जास्त माल नष्ट करावा लागला होता. प्रयोगशाळेचा निकाल शेवटी बाजूने लागला, पण आईच्या प्रश्नाला वेळेवर माणसासारखं उत्तर गेलं नाही, ही त्यातली चूक. मला आठवतं, आमच्या वाण्याने दुकानाबाहेर पाटी लावली होती, ‘मॅगी नाही, परत नेली.’ त्या दिवसांत सगळ्यात स्पष्ट भाषा त्या पाटीची होती.

भाषेचा विषय निघालाच आहे तर तो ‘गैरसोय’ शब्द एकदाचा बाजूला ठेवा. मशीन बारा दिवस बंद, गैरसोय. विमान रद्द होऊन म्हातारी बाई रात्रभर जमिनीवर, गैरसोय. ठेवीचे पैसे अडकले, गैरसोय. एप्रिल २०१७ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या विमानातून, शिकागोला, तिकीट घेऊन बसलेल्या एका डॉक्टरला फरपटत बाहेर काढलं. तोंडातून रक्त येत होतं, सगळ्या जगाने व्हिडिओ पाहिला. कंपनीच्या प्रमुखाच्या पहिल्या निवेदनात त्यासाठी जो शब्द होता त्याचा अर्थ होता प्रवाशांची दुसरीकडे सोय करणं. त्या एका शब्दासाठी त्यांना पुढे दोनतीनदा नव्याने माफी मागावी लागली. लोक व्हिडिओ विसरले असते की नाही ठाऊक नाही, तो शब्द विसरले नाहीत. जे झालं त्याला त्याचं नाव द्या. ‘आमचा माणूस तीनदा आला नाही’ असं लिहायला काय हरकत आहे?

आणि मराठीत लिहा. मराठीत केलेल्या तक्रारीला इंग्रजीत उत्तर येतं, फार तर हिंदीत. जाहिरात द्यायची असते तेव्हा याच कंपन्यांना कोल्हापुरी ठसका आणि वऱ्हाडी लहेजा बरोबर सापडतो. माल खपवताना मराठी येते आणि माफी मागताना येत नाही, हे चालणार नाही.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आमच्या भागाचा वायरमन आहे. कुणीतरी दोन वर्षांपूर्वी त्याला घेतलं. जून महिन्यातल्या एका रात्री पावणेबाराला लाइट गेली. बारा वाजता त्याचा मेसेज, ‘कॉलेजमागच्या डीपीवर जंपर तुटलाय. शिडी यायचीय. दीड तास लागंल.’ मग अंधारात टॉर्च मारून काढलेला खांबाचा फोटो. एक वाजता, ‘शिडी आली.’ सव्वा वाजता, ‘अजून अर्धा तास, दुसरा पण ढिला निघाला.’ एक चाळीसला पंखा फिरला. ग्रुपवर एकशे बारा घरं आहेत. त्या रात्री एकानेही त्याला उलटसुलट लिहिलं नाही. सकाळी एका आजोबांनी विचारलं, चहा प्यायला कधी येतोस.

काय झालं, कुठे झालं, कोण बघतंय, किती वेळ लागेल, आणि अंदाज चुकला तर चुकला म्हणून. एवढंच त्याने लिहिलं. त्याच्याकडे चाळीस वाक्यांची फाइल नाही, पण खांबावर चढतो तोच लिहितो. संस्थांना माझं एवढंच मागणं आहे. खातं चालवणाऱ्याच्या शेजारी काम करू शकणारा माणूस बसवा. महिन्याच्या अहवालातून पहिल्या उत्तराची मिनिटं काढा आणि तिथे काम खरोखर किती दिवसांत झालं ते लिहा. तक्रार बंद झाली की नाही, हे तक्रारदाराला ठरवू द्या.

आणि वाचकहो, तोवर आपण आपली काळजी घेऊ. सोशल मीडियावर लिहून झालं की आपण तक्रार केली असं समजू नका, ती फक्त हाक असते. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. ऑनलाइन खरेदी असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांनी ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण करायचं आहे. बँकेने ३० दिवसांत समाधान केलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे फी लागत नाही. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. मोबाइल नंबर, तिकीट, कार्ड यातलं काहीही चारचौघांत टाकू नका, आणि पैसे गेलेच तर एक मिनिट न दवडता १९३० लावा. हे दोन्ही नंबर आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मोबाइलमध्येही आजच टाकून द्या.